खाली बसलेला माणूस

अमरावती
सोमवार, दुपार

प्रिय देवमन,

मागच्या आठवड्यात तुला तीन फोन आले आणि तिन्ही वेळा तू ‘कोन बोलते बे?’ म्हणालास की कट झाले. ते फोन माझे होते. तुझ्या किशोरकडून नंबर मागून घेतला, काय बोलायचं ते कागदावर उतरवून ठेवलं, आणि तुझा आवाज ऐकताच हातातला कागद बाजूला सारला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, नऊ कादंबऱ्या लिहिलेला, माइक हाती आला की तासभर न सोडणारा, आणि तुझ्याशी दोन वाक्यं बोलता येईनात. मग म्हटलं, आपल्याला जे येतं ते करावं, लिहावं. आपली गाठ पडून अकरा वर्षं झाली. किशोरच्या लग्नानंतर मी हिवरखेडला फिरकलो नाही. त्यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे आणि तेवढ्या शिव्या मी स्वतःला देऊन झाल्या आहेत, तेव्हा ते सोड आणि पुढचं वाच. रुख्मिणीवहिनींना चष्मा लावून मोठ्याने वाचायला सांगितलंस तरी चालेल. त्यांच्यापासून लपवावं असं आता काही ठेवायचं नाही.

मला भीती वाटते, देवमन. वीस दिवस झाले, सकाळचे सहा वाजले की मी अंगणात येऊन बसतो आणि साडेसातला फाटक वाजेपर्यंत हलत नाही. सहाला निधी फिरायला बाहेर पडते आणि साडेसातला परत येते. निधी म्हणजे माझी नात, यशोधनची मुलगी. तू तिला पाहिलंस तेव्हा ती लग्नाच्या मांडवात जिलेबीसाठी फुगून बसली होती. आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, तिथल्या निसर्ग मंडळाची सगळी धावपळ तिच्याच अंगावर असते. आमचं घर तर तुला माहीत आहे, शहराच्या पार टोकाला, वडाळी तलावाच्या बाजूला. कॉलनी संपली की माळ आणि माळ संपला की जंगल. पूर्वी आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, आमच्याकडे मोर येतात. आता बिबट येतात. शेजारच्या वामनरावांचं कुत्रं दिवाळीच्या आधी एका पहाटे गेलं, साखळी तेवढी राहिली. सगळी कॉलनी धास्तावली. आमची निधी मात्र त्या दिवसापासून रोज त्याच माळावर जायला लागली, बिबट दिसावा म्हणून.

आणि तिला तो दिसला. तीनेक आठवड्यांपूर्वी साडेसातच्या ऐवजी सव्वासातलाच घरी आली, कपड्यांना माती, डोळे नुसते चमकत होते. मी अंगणात पेपर वाचत होतो. माझ्या पायाशी बसली आणि सांगायला लागली. तलावाच्या वरच्या अंगाला, पायवाटेवर, वीसेक पावलांवर तो उभा होता. ती घाबरली नाही. ती सावकाश खाली बसली, गुडघे पोटाशी घेतले, मान झुकवली, माझ्या पहिल्या कादंबरीतल्या माणसाने बिबट्यापुढे केलं होतं अगदी तसं. तो बघत राहिला. मग दोन पावलं पुढे आला. ‘आणि मग काय झालं माहितेय आजोबा? तोही खाली बसला. माझ्यासारखाच. पोट जमिनीला टेकवून. फक्त शेपटीचं टोक हलत होतं. आम्ही दोघं समोरासमोर तसेच होतो.’ तेवढ्यात खालच्या रस्त्याने दूधवाल्याची मोटरसायकल आली आणि तो झुडपात गेला. निधीला त्या दूधवाल्याचा फार राग आला होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, वा.

वा म्हणालो बघ. कारण मलाही त्या क्षणी ते सुंदरच वाटलं. आपण लिहिलेलं कुणीतरी जगलं, याचा आनंद फार वाईट असतो. तो माणसाला आंधळा करतो. दोन दिवसांनी वनरक्षक कुलदीप आला, कॉलनीत पिंजरा लावायची जागा बघायला. तुमच्या तेल्हाऱ्याकडचाच मुलगा आहे. चहा पिता पिता मी त्याला मोठ्या अभिमानाने हा किस्सा सांगितला. त्याने कप खाली ठेवला. ‘काका, उभ्या मानसाले तो भेते. खाली बसला का बकरीएवढा दिसते त्याले. अन तो बसला नव्हता काका. उडी माराच्या आंधी तो तसाच दबते.’ एवढं बोलून तो पिंजऱ्याची जागा बघायला उठला.

दूधवाला दोन मिनिटं उशिरा निघाला असता, तर? वीस दिवस मी हाच प्रश्न घेऊन उठतो.

निधीला मी त्याच दिवशी सांगितलं की कुलदीप असं म्हणतो, तू जाऊ नकोस. ती हसली. म्हणाली, ‘कुलदीपदादाला तसंच सांगावं लागतं, ती त्याची नोकरी आहे. तुम्ही तर स्वतः अनुभवलंय.’ आणि उठून माझीच कादंबरी घेऊन आली. प्रस्तावनेत मी बत्तिसाव्या वर्षी छातीठोकपणे लिहून ठेवलंय: बिबट्याचा प्रसंग कल्पित नाही, तो मी अक्षरशः जगलो आहे. ते वाक्य तिने मला वाचून दाखवलं, पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी रागावून बघितलं, यशोधनकडून दटावून बघितलं, पाय दुखत असल्याचं सोंग करून तिला सकाळी घरात अडकवून बघितलं. तिला वाटतं, आजोबा म्हातारे झाले आणि शहरातल्या लोकांसारखे भित्रे झाले. काल म्हणाली, ‘तुम्हीच आता तुमच्या पुस्तकासारखे राहिला नाहीत.’

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित फोन कट करतच राहिलो असतो. पण येत्या रविवारी तिच्या मंडळाचा कार्यक्रम आहे. कॉलेजच्या मागच्या पायवाटेवर पाटी लागणार आहे, रंगवून तयार आहे, मी पाहिली. हिरव्या रंगात माझं नाव आणि त्यावर माझं वाक्य: ‘गवताइतके खाली व्हा. तो तुम्हाला पाहील, आणि आपल्या वाटेने जाईल.’ पाटीचं उद्घाटन माझ्या हस्ते. त्यानंतर पाचवीतली चाळीस पोरं त्या वाटेने निधीबरोबर जाणार, आणि बिबट दिसला तर काय करायचं ते ती त्यांना करून दाखवणार. खाली बसायला शिकवणार. दहा-दहा वर्षांची पोरं, देवमन. उभी राहिली तरी ती किती उंच असतात? मी तिच्या सरांना फोन करून म्हणालो, ते वाक्य चुकीचं आहे, पाटी लावू नका. ते मला म्हणाले, विनय हा तुमचा गुणच आहे.

आता तुला पौर्णिमाबद्दल सांगतो, कारण तिच्यामुळे मला पळायला जागा उरली नाही. ही मुलगी अकोल्याची. माझ्या कादंबऱ्यांतल्या निसर्गप्रतिमांवर प्रबंध लिहिते आहे. दोन वर्षांत तिने माझी नऊच्या नऊ पुस्तकं इतकी चाळून काढली की तेवढी मीसुद्धा कधी काढली नव्हती. पहिल्यांदा आली तेव्हा मी खूश होतो. तिने तक्ता करून आणला होता. नऊ कादंबऱ्यांत माणूस सतरा वेळा जमिनीवर टेकतो. पुरापुढे, वणव्यापुढे, सापापुढे, बिबट्यापुढे. तिने त्याला नाव दिलंय, शरणभाव. माणसाने निसर्गापुढे लहान व्हावं, उर्मटपणे उभं राहू नये, मग निसर्ग त्याला इजा करत नाही, अशी माझी जीवनदृष्टी आहे म्हणे. खोटं कशाला बोलू, हे मीच चाळीस वर्षं भाषणांतून सांगत आलो. बाया डोळे पुसायच्या. मलाही माझं बोलणं पटायचं.

मग तिने दुसरं पान काढलं. म्हणाली, ‘सर, प्रत्येक कादंबरीत एक झाड आहे आणि त्याची एकच फांदी वठलेली आहे. कधी कडुनिंब, कधी मोह, कधी बाभूळ. झाड हिरवं, फांदी वाळलेली, आणि ती नेहमी डाव्या बाजूची. हे कशाचं प्रतीक आहे?’ मी म्हणालो, विदर्भातलं ऊन आहे, झाडं वठतात. तिने ते लिहून घेतलं. मला स्वतःला ते माहीत नव्हतं, देवमन, शपथेवर सांगतो. नऊ वेळा मी ती फांदी लिहिली आणि एकदाही मला कळलं नाही की मी तुझा हात लिहितोय.

तिचा शेवटचा प्रश्न लहानसाच होता. पहिल्या कादंबरीतला माणूस बिबट्यापुढे बसतो तेव्हा त्याच्याखालची माती दवाने ओली होते, असं मी लिहिलंय. त्या ओलाव्यावर तिने चार पानं लिहिली आहेत, धरित्रीचा पाझर वगैरे. पण मुलगी शेतकऱ्याची आहे. तिने चष्मा वर सारला आणि विचारलं, ‘सर, प्रसंग दुपारी तीनचा आहे. दुपारी दव कसं?’ मी म्हणालो, कादंबरीत चालतं. ती हसून गेली. मी मात्र तेव्हापासून त्या पुस्तकाला हात लावू शकलो नाही.

तुला आठवतं का, असं विचारण्याची माझी हिंमत नाही. रोज सकाळी सदरा घालताना तुला आठवतच असणार. पण मी एकदा माझ्या हाताने लिहितो. आपण सोळा वर्षांचे होतो. मास्तरांचा मुलगा म्हणून मला सगळीकडे हुरड्याचं बोलावणं असायचं आणि तुझ्या वावरातली ज्वारी तेव्हा कणसांनी वाकली होती. दुपारची वेळ, तू पाखरं उठवायला डबा आणि काठी घेतलेली, मी रिकाम्या हाताने तुझ्या मागे धुऱ्याच्या बांधावरून चाललेलो. पांदणीच्या तोंडाशी तो ज्वारीतून बाहेर आला. पंधरा पावलं असतील. तू वळलासही नाहीस, नुसतं हळू म्हणालास, ‘मोरू, तेंदवा हाय. उभा राय. पयू नको अन बसू नको.’ आणि माझे पाय गेले. नमस्कार नाही, शरणभाव नाही, काही नाही. गुडघ्यांतून सगळा जीवच गेला आणि मी मटकन खाली बसलो. डोकं मांडीत घातलं. तू ओरडत होतास, ‘उभा राय बे, मोरू, उभा राय!’ डबा वाजवत होतास. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी उठत नव्हतो.

तो तुझ्यावर आलाच नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तू उभा होतास, डबा वाजवत होतास, पावलापावलाने मागे सरला असतास तर सुखरूप घरी गेला असतास. तो माझ्यावर आला, खाली बसलेल्यावर. आणि तू मध्ये आलास. डावा हात आडवा घातलास. पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी पाहतच नव्हतो, नुसतं ऐकलं. मग शेजारच्या वावरातून माणसं विळे-कुऱ्हाडी घेऊन ओरडत आली, तो ज्वारीत गेला. तुझ्या बाबांनी धोतर फाडून तुझा हात गुंडाळला. कुणीतरी मला दंडाला धरून उभं केलं आणि माझ्या पायजम्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. तेव्हा तू, ओठ पांढरे पडलेला तू, म्हणालास, ‘पानी सांडलं त्याच्यावर. तांब्या होता हाती.’ तांब्या नव्हता, देवमन. आपण तांब्या नेलाच नव्हता.

अकोल्याच्या दवाखान्यात तू बावीस दिवस होतास. त्या हाताची बोटं मिटेनात म्हणून तुझं वखर धरणं सुटलं, आणि तू गावाला सांगितलंस, मोरू होता म्हणून वाचलो. वडिलांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली. सोळा वर्षं ते अंगात घेऊन फिरलो आणि मग कादंबरी लिहिली. त्यातही नुसतं खोटं लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी बसलेल्या माणसाला संत केलं आणि उभा राहून डबा वाजवणाऱ्या त्याच्या मित्राला उर्मट केलं. बिबट त्या मित्राला जखमी करतो आणि बसलेल्याला सोडून जातो. निसर्गावर हुकूम चालवू बघणाऱ्या माणसाचं प्रतीक, असं त्या मित्राबद्दल तीन-चार जणांनी छापून आणलं. त्या पुस्तकाला बक्षीस मिळालं तेव्हा मी तुला एक प्रत दिली होती. वहिनींनी तुला वाचून दाखवली. पुढच्या खेपेला आलो तर तू भुईमुगाच्या शेंगा पुढे ठेवल्यास आणि म्हणालास, ‘मस्त लिवलं बे मोरू. पन तेंदव्याच्या पाया पडाचं मले सुचलं नसतं.’ एवढंच. त्यानंतर तू कधी विषय काढला नाहीस आणि मी हळूहळू यायचं बंद केलं. कामं होती म्हणून नव्हे.

परवा संध्याकाळी मी निधीला सांगायचं ठरवलं. चांगला जवळ बसवलं. म्हणालो, त्या प्रसंगात थोडं वेगळं घडलं होतं. ती लगेच सरसावून बसली. ‘मग तुम्ही खाली का बसला होतात, आजोबा?’ तोंड उघडलं. समोर तिचा तो चेहरा, माझ्यावर जीव टाकणारा. आणि मी म्हणालो, आदर वाटला म्हणून. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नातीच्या जिवाचा प्रश्न असताना, मी पुन्हा तेच दव शिंपडलं. त्या क्षणी मला कळलं की मी बिबट्याला जितका भितो त्याहून जास्त तिच्या नजरेतून उतरायला भितो. हे लिहितानाही लाज वाटते. पण खरं आहे.

म्हणून तुला पत्र लिहायला घेतलं. शनिवारी अकोटहून गाडी पकड, माझ्याकडे मुक्कामाला ये, रविवारी त्या पोरांपुढे उभा राहा आणि डाव्या हाताची बाही वर कर, असं तुला विनवायचं होतं. तुझा हात बघितल्यावर निधी ऐकेल. तुला काही बोलायचीही गरज पडणार नाही, मी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसेन. हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. गेला तासभर मी त्याच्याकडे बघत बसलोय. म्हणजे पुन्हा मी खाली बसायचं आणि पुन्हा तू मध्ये यायचंस. नाही, देवमन. तू येऊ नकोस. मला भेटायला ये, हुरड्याच्या दिवसांत कधीही ये, पण या कामाला येऊ नकोस. हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. निधी पाचला कॉलेजातून येते, तिच्या हातात उघडंच देणार आहे आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर तिच्यासमोर राहणार आहे. मग तिलाच सांगणार आहे की पत्ता तू घाल, पोस्टात तू टाक. तेव्हा हे तुझ्या हाती पडलं असेल तर पाकिटावरचं अक्षर बघ. ते माझं नसेल. माझे पाय आत्ताच गळाले आहेत, टेबलाला धरलंय. फाटक वाजलं, ती आली. उठतो.

तुझाच,
मोरू